कर्सर ओळीच्या सुरुवातीला लागलेला आहे

संगणकाच्या पडद्यावर जे जे चालतं ते आवाजासकट टिपून घेणारा एक प्रोग्रॅम असतो, हे मला २००८ सालापर्यंत माहीत नव्हतं. त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. भोरला माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अकरा मशीन होती, त्यातली नऊ चालायची, आणि बावीस वर्षांत तालुक्यातले निम्मे कारकून माझ्या हाताखालून गेले होते. कुठल्याही कचेरीत मी पाऊल टाकलं की खुर्चीवरचा माणूस आपोआप ताठ बसायचा. पाठ वाकवून टाइप करणाऱ्याच्या मणक्यावर मी पट्टीचं टोक ठेवायची, ते पुष्कळांना रिटायर होईपर्यंत आठवतं. एवढा मान असलेल्या बाईनं खरं तर निवांत बसावं.

पण त्या फेब्रुवारीत कुंडलिक शिळीमकर आला. हा माझा जुना विद्यार्थी, आता वेल्ह्याच्या एका कचेरीत अधिकारी. कचेरीचं नाव सांगत नाही. आमचं अजून तिथं जाणं-येणं आहे. त्यांच्याकडं अठ्ठावीस ग्रामसेवक. सगळ्यांनी संगणकावर मराठीत पत्रव्यवहार करावा असा हुकूम निघालेला, आणि त्यातले सव्वीस जण संगणकाला लांबूनच नमस्कार करणारे. कुंडलिकचं म्हणणं असं, की बाई शिकवतायत आणि पडद्यावर अक्षरं उमटतायत अशी एक सीडी करायची. ज्याचं जिथं अडेल तिथं त्यानं मागं जाऊन पुन्हा बघायचं. सीडी पसंत पडली, तर ग्रामसेवकांचा कायमचा वर्ग माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये सुरू करायचा, असंही तो म्हणाला.

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. त्या वर्षी माझ्याकडं सात विद्यार्थी होते. त्यातल्या दोघी लग्न ठरेपर्यंत येणाऱ्या होत्या आणि एकीचं ठरत आलं होतं. मी हो म्हणाले.

माझ्या नणंदेची मुलगी नबीला ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवायची. ते टिपून घेणारं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅम, तिच्याकडं होतं. ती माऊस चालवणार, मी मजकूर लिहून बोलणार, कुंडलिक परवानग्या बघणार, अशी वाटणी झाली. मी आठ दिवस खपून चौदा पानं लिहिली. ‘कर्सर पहिल्या ओळीच्या प्रारंभी न्यावा’ अशी भाषा होती. शेजारच्या ठकुबाईंना दोन पानं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या चांगलं आहे, पण पडद्यावर माणूसच दिसणार नसेल तर बघायचं कुणाकडं? निदान सुरुवातीला तुम्ही पैठणी नेसून नमस्कार तरी करा. मी त्यांना सांगितलं की यात फक्त पडदा दिसतो. त्यावर त्या म्हणाल्या, मग पडद्याला तरी हार घाला.

पहिली चाचणी आमच्या घरीच झाली. मी हेडफोन लावून अर्धं पान वाचलं, नबीलानं ते पुन्हा लावलं, आणि खोलीत एक वेगळीच बाई बोलू लागली. बंद दाराच्या आडून कुणी तरी बारीक आवाजात विरजण मागतंय, असं वाटत होतं. वर्गात याच आवाजानं मी नऊ मशीनवरच्या पोरींची बोटं थांबवत आले होते. पण यंत्राला त्याची कदर नव्हती. नबीला माऊसकडं बघत बसली. कुंडलिकनं घसा खाकरला, चहाची कपबशी सरळ केली, आणि फार अदबीनं म्हणाला की मजकूर बाईंचाच ठेवू, फक्त आवाज चाचांचा घेऊ या का.

चाचा म्हणजे आमचे हे. इस्माईल आत्तार, भोरच्या एसटी स्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सव्वीस वर्षं स्टँडवरच्या माईकमागं यांचा आवाज होता. भोर आणि वेल्हे तालुक्यात यांचा चेहरा ओळखणारे थोडे, पण आवाज न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. रिटायर होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात घरात यांची दिवसाला तीनच वाक्यं व्हायची. चहा झाला का. पेपर कुठं आहे. आणि लांबून हॉर्न ऐकू आला की घड्याळाकडं बघून, “दहा वीसची.” बाकी दिवसभर खिडकी. मी वर्गावरून येऊन काहीबाही सांगत बसायची, हे मान हलवायचे, आणि मला वाटायचं की माणूस स्टँडवरच राहिला, घरी नुसता शर्ट आलाय.

म्हणून मी विरोध केला नाही. पण राग आलाच. चौदा पानं मी लिहायची, आणि आवाज कुणाचा, तर ज्यांनी जन्मात एक अक्षर टाइप केलेलं नाही त्यांचा. यांना विचारलं तर हे नुसतं “बघू” म्हणाले. म्हणजे दिवसाचं चौथं वाक्य. मी मुकाट्यानं चौदा पानं यांच्या पुढ्यात ठेवली.

मग कचेरीचा अर्ज आला. सीडी करायला परवानगी हवी, आणि परवानगीचा छापील नमुना एकच होता, तो नाटक-सिनेमाचा. कलाकारांची संख्या, गर्दी जमण्याची शक्यता, ज्वालाग्राही वस्तू, सगळे रकाने भरले. ‘चित्रीकरणाचे स्थळ’ यापुढं मी प्रामाणिकपणे ‘भोर’ लिहिलं आणि तिथं घोटाळा झाला. टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं, की काम वेल्हे तालुक्याचं असेल तर चित्रीकरणही वेल्हे तालुक्यातच झालं पाहिजे. मी त्यांना समजावलं की यात फक्त पडदा दिसतो आणि पडदा भोरला जसा दिसतो तसाच वेल्ह्यात दिसतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मग वेल्ह्यातच करायला तुमची काय हरकत आहे? मी ‘भोर’ खोडून ‘वेल्हे’ लिहिलं.

कुंडलिकची मावशी, आक्काबाई, मार्गासनीला राहायची. तिची पुढची खोली मिळाली. मार्गासनीला वीज सकाळी दहा ते एक, मग भारनियमन. तेव्हा सगळं त्या तीन तासांत बसवायचं ठरलं आणि सकाळी सातलाच आम्ही टेम्पोतून निघालो. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे जुन्या टीव्हीएवढा अवजड. नबीला तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती, आणि भोर सुटेपर्यंत दोन बायकांनी तिला बाळ कितव्या महिन्याचं म्हणून विचारलं.

रस्त्यात थांबायचं कारण नव्हतं. पण कापूरहोळ आलं तसं यांनी टेम्पोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. कापूरहोळला थांबा असतो, हे म्हणाले. सव्वीस वर्षं ज्या थांब्याचं नाव घेतलं त्यावरून न थांबता जाणं यांना पटेना. दहा मिनिटं चहाला थांबलो. तेवढ्यात टेम्पोवाल्याला मागचं चाक बसल्याचं दिसलं. पंक्चरवाला न्याहारीला गेला होता. तो आला, त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली, एक भोक बुजवलं, दुसरं सापडलं. मार्गासनीत पोचायला आम्हाला सव्वाअकरा वाजले, आणि जोडाजोडी करेपर्यंत बारा. उरलेल्या तासात यांनी नऊ पानं न चुकता वाचली. एकला वीज गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की माईकची पिन शेजारच्या भोकात गेली होती. तासभर पडद्यावर बाण इकडून तिकडं फिरत होता आणि आवाज मात्र चिमणीचाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सगळं सामान घेऊन एसटीनं गेलो आणि वेळेत पोचलो. या वेळी पिन मी स्वतः तपासली. आक्काबाईची शेरडं पलीकडच्या गोठ्यात होती. त्यांचा आवाज येईल म्हणून तिनं ती सकाळीच सोमनाथबरोबर, म्हणजे तिच्या दिराबरोबर, डोंगराला लावली. पण करडं घरीच राहिली, आणि आया गेल्यामुळं ती जास्तच ओरडू लागली. शेवटी आक्काबाई एक करडू मांडीवर घेऊन दारात बसली आणि बाकीच्यांपुढं तिनं पाला टाकला. नबीलानं सुरुवात केली.

हे वाचू लागले. सगळं बरोबर होतं, आणि ऐकवत नव्हतं. पहिल्या दिवशीच्या घाईत ते लक्षात आलं नव्हतं. ‘कर्सर पहिल्या ओळीच्या प्रारंभी न्यावा’ हे वाक्य यांच्या तोंडून इतकं दुःखी येत होतं, की कर्सर कुठं नेतायत ते विचारायची सोय नव्हती. दोनदा थांबवलं, पाणी दिलं, पुन्हा तेच. यांच्या कपाळावर घाम आला. हे कागद खाली ठेवतील आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसतील, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. सीडीचं मग काय व्हायचं ते होवो.

करडू कुरवाळत आक्काबाई म्हणाली, “दादा, तुमी ष्ट्यांडावर बोलायचा तसं बोला की. हे काय कुणी गेल्यावानी.”

“ते वेगळं होतं, आक्का,” हे म्हणाले. “तिथं लोकांना जायचं असायचं.”

“मग ह्यास्नी बी जायचंच हाय की कुठंतरी. न्हाईतर शिकत्यात कशापाय?”

यांनी माझ्याकडं बघितलं. मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. चौदा पानं लिहिणाऱ्या बाईनं ते का केलं, मला सांगता येणार नाही. यांनी खुर्ची मागं सरकवली आणि उभे राहिले. माईक ओठांपासून वीतभर लांब धरला आणि स्टँडवरचा तो आवाज त्या लहान खोलीत घुमला.

“लक्ष द्या. कर्सर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला लागलेला आहे. पुन्हा सांगतो, कर्सर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला लागलेला आहे.”

करडं एकदम गप्प झाली. नबीलानं बाण बरोबर जागी नेला. पुढं ‘अक्षर खोडायचे असल्यास’ या मजकुराचं ‘चुकून आलेलं अक्षर मागच्या बाजूनं उतरवून घ्यावं’ झालं. माझ्या चौदा पानांतलं एक वाक्य जागेवर राहिलं नाही. मी मधे मधे हातानं खुणा करत होते, की तिथं तसं नाही, हे असं आहे. हे मान हलवून तेच त्यांच्या भाषेत सांगत होते. प्रत्येक गोष्ट दोनदा. एकला दहा मिनिटं कमी असताना काम संपलं. आक्काबाईनं विचारलं, सगळं कळलं, पण तो बाण नक्की कुणाचं ऐकतो, पोरीचं का दादांचं? मी म्हणाले, माझं सोडून सगळ्यांचं.

परतीच्या गाडीत हे नसरापूरपासून भोरपर्यंत बोलत होते. मला झोप आली होती, तरी मी जागी राहिले.

मार्चमध्ये वेल्ह्यात सीडी दाखवायचं ठरलं. मोठी खोली, भिंतीला पांढरी चादर, कुठून तरी आणलेला प्रोजेक्टर, आणि बाकांवर अठ्ठावीस ग्रामसेवक. अकराला सुरुवात होती, कारण तिथंही वीज एकपर्यंतच. पण उद्घाटनाला येणारे साहेब सव्वाबाराला आले. नारळ, हार, चार शब्द, त्या चार शब्दांची तीस मिनिटं. सीडी लागली तेव्हा पाऊण वाजला होता.

यांचा पहिला शब्द ऐकला आणि खोलीत हशा पिकला. मग लोक मन लावून ऐकू लागले. मी भिंतीला टेकून उभी होते. माझे जुने विद्यार्थी मला बघून ताठ बसले होते, एवढंच समाधान. पाच-सात मिनिटं छान गेली. मग फाईल जपून ठेवायचा धडा आला आणि भिंतीवरून यांचा आवाज म्हणाला, की फाईलमार्गे सेव्हकडे जाणारा कर्सर थोड्याच वेळात सुटत आहे. मागच्या दोन बाकांवरचे नऊ जण पिशव्या उचलून उभे राहिले. एक जण दारापर्यंत गेला. सांगून बसवावं लागलं. हसणं थांबेपर्यंत आणखी दोन-तीन मिनिटं गेली आणि बरोबर एक वाजता चादर काळी झाली.

साहेब घड्याळ बघून म्हणाले की आता चार वाजता वीज येईल, तर कार्यक्रम झाला असं समजू. लोकांनी खरोखरच पिशव्या घेतल्या. कुंडलिक माझ्याकडं बघेना. माझा वर्ग, माझी नऊ मशीन, सगळं त्या दारातून बाहेर पडताना मला दिसत होतं.

एक जण मात्र जागचा हलला नव्हता. ज्ञानू धिंडले, वरच्या वाडीचे ग्रामसेवक, डोक्यावरचे सगळे केस पांढरे. ते बाकावरूनच म्हणाले, “बाई, तेवढं ज्ञ कुठं हाय ते सांगून जावा. बाकीचं ऱ्हाऊ द्या. पयलं अक्षर हाय माझ्या नावाचं. मशिनीवर लोक ग्यानू काढत्यात आन् म्या सही करतो.”

मी फळ्याकडं गेले. खडू होता. मी चार ओळींच्या सगळ्या कळा फळ्यावर काढल्या. डावीकडं काने-मात्रा, उजवीकडं बहुतेक व्यंजनं, वरच्या आकड्यांच्या ओळीत पाचाच्या डोक्यावर ज्ञ. बावीस वर्षं मी हेच केलं होतं; फक्त अक्षरांच्या जागा बदलल्या होत्या. धिंडल्यांना म्हटलं, बाकावर हात ठेवा, पाठ सरळ. त्यांनी ठेवले. मग त्यांच्या शेजारच्यानं ठेवले. दारातले चौघे परत आले.

पण मागच्यांना माझा आवाज पोचेना. मी दोनदा ओरडून बघितलं. तेव्हा हे पुढं आले आणि फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मला हळूच म्हणाले, “तू सांग. मी पुकारतो.”

मी सांगायची, हे पुकारायचे. माईक नव्हता आणि यांना लागतही नव्हता. आम्ही ‘कागद’ शब्द घेतला. क, उजव्या हाताचं मधलं बोट. काना, डाव्या हाताचं मधलं बोट, वरची ओळ. ग, पुन्हा उजवं मधलं, वर. द, त्याच्या शेजारचं बोट. अठ्ठावीस माणसं लाकडी बाकांवर एकदम बोटं आपटत होती. आधी गारा पडल्यासारखा नुसता गलका होता. अर्ध्या तासात त्याला ठेका आला. साहेबही निघता निघता दारात थांबले, आणि मी बघतेय हे लक्षात येईपर्यंत त्यांची बोटं स्वतःच्या पिशवीवर चालत होती. दोन वाजता कुणाचंही जेवणाकडं लक्ष नव्हतं. धिंडल्यांनी ज्ञ इतक्या वेळा दाबला, की बाकाच्या त्या जागी त्यांच्या घामाचा ठसा उमटला.

चार वाजता वीज आली. चादरीवर सीडी जिथं थांबली होती तिथं कुणीच लक्ष दिलं नाही. सगळे कचेरीतल्या एकुलत्या एका संगणकापुढं रांगेत उभे होते.

पंधरा दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. ‘ध्वनिचित्रफीत सर्वांनी अखेरपर्यंत पाहिली व ती अत्यंत उपयुक्त ठरली. सबब ग्रामसेवकांचा वर्ग श्री. इस्माईल आत्तार व सहकारी यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये सुरू करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.’ मी ते दोनदा वाचलं. माझी इन्स्टिट्यूट, माझा फळा, आणि मी सहकारी. तेही नाव नसलेली. पत्राची नीट घडी घालून यांच्या पेपरखाली ठेवली आणि वर्गावर गेले. काही न बोलण्यात मी यांच्या तोडीस तोड आहे.

दुपारी घरी आले तर हे नव्हते. खिडकी उघडी, चहाचा कप तसाच. ठकुबाईंनी सांगितलं की दादा चांगला शर्ट घालून स्टँडकडं गेले, आणि मी विचारायच्या आत स्वतःचा अंदाजही सांगितला, की पुन्हा नोकरीवर बोलावलं असणार. हे आले ते दिवेलागणीला, शर्टावर लाल धूळ, आणि हातात एक पाकीट. वेल्ह्याला जाऊन आले होते. कचेरीचा कारकून रजेवर, तेव्हा कामाला आलेले ज्ञानू धिंडले म्हणाले, मी करतो. त्यांनी दोन तास बसून नवं पत्र टाइप केलं होतं. यांनी शेजारी उभं राहून माझं पूर्ण नाव सांगितलं होतं, मासूमा इस्माईल आत्तार.

“मोठ्यानं सांगितलं,” हे म्हणाले. “बाहेर झाडाखालच्या लोकांनाही कळलं, इन्स्टिट्यूट कुणाची ते.”

मी पाकीट उघडलं. खाली ‘टंकलेखन : ज्ञानू बाळा धिंडले’, त्यातला ज्ञ अगदी रेखीव. आणि वर, ठळक अक्षरांत, मंजुरी दिलेली होती ‘सौ. मसुदा इस्माईल आत्तार, संचालिका’ यांना. चाळीस वर्षं मसुदा मसुदा लिहिणाऱ्या बोटांना मासूमा वळली नव्हती.

यांना ते दिसलं नव्हतं. हे माझ्या तोंडाकडं बघत होते. “बरोबर आहे ना?” यांनी विचारलं. “नसेल तर सकाळची पहिली गाडी आहे.”

बावीस वर्षं लोकांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा होता. काना चुकलेला कागद मी कधी कुणाच्या बापाचाही ठेवला नाही. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचलं.

“एकही चूक नाही,” मी म्हणाले, आणि त्याच पत्राला दुसऱ्या दिवशी फ्रेम करून आणली.